बेलापूरहून सायकलने एका दिवसात अलिबागला जाऊन येता येईल का? पेणमार्गे जावं की करंजा-रेवस?

येईल, पण करंजा-रेवसनेच जा. दोन्ही वाटांनी सायकल चालवली आहे, त्यावरून सांगतो. पेणमार्गे एकेरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडतात, वर कर्नाळ्याचा चढ आणि वडखळपर्यंत महामार्गाची धूळ. उरणवरून गेलात तर करंजा जेट्टीपर्यंत साधारण तीस किलोमीटर, मग धरमतर खाडी ओलांडायला लाँच (सायकल वर चढते, तिचे पैसे वेगळे), आणि रेवसहून अलिबाग वीस-पंचवीस. म्हणजे जाऊन-येऊन शंभर-एकशे दहा.

खरी परीक्षा परतीची. सकाळी वारा जमिनीकडून येतो, म्हणून जाताना पाय हलके वाटतात. दुपारी तो फिरतो आणि वायव्येकडून समुद्राचा वारा लागतो. अलिबागहून रेवसला जायचं म्हणजे उत्तरेला, तो तिरपा समोरून लागतो. त्यामुळे पहाटे पाचला निघा, अकराच्या आत अलिबाग सोडा. वाटेत किहीमला थांबायचा मोह होईल, पण तो जातानाच भागवा.

एक मात्र आहे: उलवे ते उरण हा पट्टा न्हावा-शेव्याच्या कंटेनर ट्रेलरचा आहे. तिथे अंधारात मागचा लाल दिवा लावल्याशिवाय जाऊ नका, आणि शेवटची लाँच किती वाजता ते सकाळीच जेट्टीवर विचारून ठेवा. पावसाळ्यात हा बेत आखूच नका.