ग्लिया उशिरा का जन्मतात, आणि सगळ्या एकाच घरच्या आहेत का?

तुझा प्रश्न असा आहे: गर्भाच्या मेंदूतल्या रेडिअल ग्लिया नावाच्या पेशींपासून आधी चेतापेशी होतात आणि मग ग्लिया (चेतासंस्थेतल्या, चेतापेशींच्या सोबतीच्या पेशी), तर आता वळायचं हे त्या पेशीला कळतं कसं? आणि सगळ्या ग्लिया तिथूनच येतात का? एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेस म्हणून अगंतुगं करते. पुण्यात बरीच वर्षं हिस्टॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत. 'आधार देणाऱ्या पेशी' एवढ्या तीन शब्दांत ग्लिया उरकलेल्या बघितल्या की अजूनही जिवाला लागतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिला घोळ नावाचाच. कोथरूडला पुनर्विकासाच्या इमारतींभोवती बांबूची परांची बांधलेली दिसते ना, रेडिअल ग्लिया तशाच दिसतात. एक टोक मेंदूच्या आतल्या पोकळीशी, दुसरं थेट बाहेरच्या पृष्ठभागाला, आणि नवजात चेतापेशी त्या धाग्याला धरून वर चढतात. बराच काळ त्यांना निव्वळ परांचीच समजलं जात होतं. २०००-२००१च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की चढणारे गवंडीसुद्धा याच परांचीच्या पोटी जन्मतात.

आता वळण्याचं. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, गर्भाच्या साधारण ११व्या ते १७व्या दिवसापर्यंत चेतापेशी बनतात, मग ॲस्ट्रोसाइट (ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ग्लिया) सुरू होतात आणि ऑलिगोडेंड्रोसाइट (चेतातंतूंवर मायलिन हे स्निग्ध वेष्टन घालणाऱ्या ग्लिया) बहुतांशी जन्मानंतर. सुरुवातीला ग्लियाचं दार दोन कड्या घालून बंद असतं. ॲस्ट्रोसाइटची ओळखखूण असलेल्या जीएफएपी जनुकावर जिथे ते चालू करणारं स्टॅट३ हे प्रथिन बसायला हवं, तिथे त्याला अडवणारा मेथिल गट चिकटलेला असतो. शिवाय न्यूरोजेनिन हे प्रथिन चेतापेशींची जनुकं चालू करता करता स्टॅटला लागणारे मदतनीस स्वतःकडे ओढून घेतं.

कड्या काढतं कोण? मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतो तो हा भाग. नव्याने जन्मलेल्या चेतापेशीच कार्डिओट्रॉफिन-१ नावाचा रेणू सोडतात, त्याने आईपेशीतला, म्हणजे रेडिअल ग्लियातला, स्टॅट३ला कामाला लावणारा जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग जागा होतो. शेजारच्या आईपेशींचा नॉच हा संदेशमार्गही त्याच चेतवतात, त्यातून एनएफआयए हे प्रथिन वाढतं आणि मेथिलची कडी निघते. म्हणजे पुरेशी लेकरं झाली की तीच आईला निरोप धाडतात, आता ग्लिया कर. कोवळ्या गर्भातल्या पूर्वज पेशी जन्मानंतरच्या कॉर्टेक्सच्या कापावर वाढवल्या तर त्या ग्लियाकडे वळतात, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. पण सगळं श्रेय बाहेरच्या निरोपाला देऊ नकोस. एकटी पूर्वज पेशी बशीत वाढवली तरी क्रम तोच राहतो, आधी चेतापेशी, मग ग्लिया.

आपल्या शेजारचं एक काम आवर्जून वाच. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली दाखवलं की उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात) एलएचएक्स२ हे प्रथिन ॲस्ट्रोसाइटचा मार्ग रोखून धरतं. ते काढलं की ॲस्ट्रोसाइट वेळेआधीच येतात.

ऑलिगोडेंड्रोसाइटची गोष्ट मज्जारज्जूत जास्त स्पष्ट दिसते. पोटाकडच्या बाजूला एक चिंचोळा पट्टा आहे, तिथे सॉनिक हेजहॉग या संदेशरेणूच्या प्रभावाने ऑलिग२ हे जनुक चालू होतं. त्याच पट्ट्यातून आधी स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी निघतात आणि मग मायलिन घालणाऱ्यांचे पूर्वज. पुढच्या मेंदूत त्यांच्या तीन लाटा येतात. पहिल्या लाटेतल्या पेशी कॉर्टेक्समधून पुढे बहुतेक नाहीशा होतात. आणि कुठलीही एक लाट मुद्दाम मारली, तरी बाकीच्या जागा भरून काढतात.

ॲस्ट्रोसाइट मात्र फार भटकत नाहीत. जन्मभूमीच्या आसपास बसतात आणि तिथेच विभागून वाढतात, म्हणून प्रदेशागणिक त्यांचं रूप वेगळं. अनुमस्तिष्कातल्या बर्गमान ग्लिया हे त्यांचंच एक रूप. डोळ्याच्या पडद्यातल्या म्युलर ग्लिया तर तिथल्याच पूर्वज पेशींपासून होतात.

'एकाच घरच्या का' याचं उत्तर नाही असं आहे. मेंदूबाहेरच्या नसांतल्या श्वान पेशी न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे गर्भातल्या चेतानळीच्या काठावरून निघणाऱ्या पेशींपासून, येतात. त्यांनी मायलिन घालायचं की नाही हे अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, ठरवतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या न्यूरेग्युलिन या प्रथिनाच्या प्रमाणावरून. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, तर पूर्णच परक्या कुळातल्या. त्यांचे पूर्वज गर्भाबाहेरच्या पीतक कोशात जन्मतात आणि उंदरात ९व्या-१०व्या दिवशी, म्हणजे कॉर्टेक्समध्ये चेतापेशी बनू लागण्याआधीच, मेंदूत शिरतात. हे २०१०मध्ये पेशींवर खूण करून त्यांचा माग काढल्यावर पक्कं झालं. तेव्हा 'ग्लिया उशिरा येतात' हे वाक्य मायक्रोग्लियाला लावू नकोस, तोंडी परीक्षेत हमखास चुकतं.

चेतापेशींच्या दहापट ग्लिया, हेही कुठे वाचलं असशील तर खोडून टाक. २००९च्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि ८५ अब्ज इतर पेशी निघाल्या, आणि त्या इतरांत रक्तवाहिन्यांच्या पेशीही धरलेल्या आहेत.

उत्तरपत्रिकेत दिवस लिहिताना 'उंदराचे' हा शब्द विसरू नकोस. माणसात हे सगळं महिन्यांवर जातं, आणि कॉर्टेक्सच्या काही भागांत मायलिन चढणं विशी ओलांडल्यावरही चालू असतं.