ब्राउनीला घर हवंय, फार्महाऊस नको

प्रश्न : ताई नमस्कार. आमची ब्राउनी लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर जातीचं कुत्रं, फिमेल, साडेपाच वर्षांची. बाबांनी आणली होती आणि तिचं सगळं तेच बघायचे, फिरवणं, खाणं, डॉक्टर. मागच्या वर्षी बाबा गेले. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ब्राउनी ओढते आणि आई पडेल अशी भीती वाटते. मी बंगळुरूला भाड्याच्या घरात, दिवसभर ऑफिस. भाऊ जर्मनीत. मुळशीला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, ते म्हणतायत द्या आणून, मोकळी जागा आहे, वॉचमन आहे, मजेत राहील. आईला पटत नाहीये, बाकी सगळे म्हणतात याहून चांगलं काय मिळणार. काय करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आईचं ऐका.

फार्महाऊसची ऑफर देणारे लोक बहुतेक वेळा मनाने चांगलेच असतात, पण ते स्वतः तिथे राहतात का हे विचारा. शनिवार-रविवार येतात ना? मग उरलेले पाच दिवस ब्राउनी वॉचमनची, आणि वॉचमनच्या पगारात कुत्रा धरलेला नसतो, तो नोकरी सोडून गावी गेला की पुढचा कसा निघेल कोण सांगणार. लॅबला एकरभर जमीन नको असते, माणूस हवा असतो, पायाशी झोपायला. साडेपाच वर्षं घरात सोफ्यावर वाढलेली कुत्री शेडबाहेर साखळीला बांधली की ती भुंकते नाहीतर गप्प होते, आणि गप्प झाली की लोक म्हणतात बघा कशी रुळली.

दुसरं म्हणजे बिबट्या. मुळशी, जुन्नर, आंबेगाव, शिरूर, हा सगळा बिबट्याचा पट्टा. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. तिकडचे शेतकरी राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात ते काय हौस म्हणून नाही. रात्री बाहेर बांधलेली लॅब म्हणजे वाढून ठेवलेलं ताट.

आता एक विचारते, राग मानू नका. आईला ब्राउनी नकोय की तिचं ओढणं नकोय? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या पत्रात आईला फार्महाऊस पटत नाही एवढंच आलंय, तिला काय हवंय ते नाही. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये डॉग वॉकर मिळतात, सकाळ-संध्याकाळ येऊन फिरवून आणतात, दोघं भावंडं मिळून पैसे भरू शकता. छातीवर हुक असलेला हार्नेस मिळतो, त्याने ओढणं बरंच कमी होतं. आणि वजन बघा, लॅबला दिलं तेवढं खायची सवय, चार-पाच किलो जास्त असतील तर आधी ते उतरवा, तिच्या सांध्यांनाही बरं. हे करून बघून आईच म्हणाली की नाही झेपत, तर मग घर शोधा, त्यात काही वाईट वाटून घेऊ नका.

शोधायचं कुठे? आधी बाबा सकाळी जिथे फिरायला जायचे तो ग्रुप. ते लोक ब्राउनीला नावाने ओळखतात, तिचे नखरे माहिती आहेत. मग तुमचे व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, आणि त्यांचा कंपाउंडर, कारण कोणाचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला आणि घर सुनं झालंय हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. यातून नाही जमलं तरच फेसबुक, व्हॉट्सॲप. आणि तिथे 'फ्री' हा शब्द लिहू नका प्लीज. नसबंदी न झालेली लॅब फिमेल फुकट म्हटलं की घरगुती पिल्लं काढून विकणारे पहिले फोन करतात आणि फार गोड बोलतात. म्हणून आधी नसबंदी करून घ्या, हीट (माज) नुकतीच होऊन गेली असेल तर किती थांबायचं ते व्हेटला विचारून. पोस्टमध्ये खरं लिहा, फटाक्यांना घाबरते, चपला खाते, मांजर दिसलं की सुटते, जे असेल ते. लपवलं की कुत्री आठवड्यात परत येते.

माणसं आली की चहा द्या आणि विचारा. दिवसभर घरी कोण असतं, रात्री कुठे झोपवणार, गणपतीत गावी गेलात की कोण बघणार, आधीचा कुत्रा होता त्याचं काय झालं (या उत्तरात सगळं कळतं). भाडेकरू असतील तर घरमालकाला विचारलंय का. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत तशा, पण घरमालक अडला की भाडेकरूचं कोण ऐकतं. आणि जो माणूस तुम्हालाच उलट प्रश्न विचारेल, काय खाते, कशाला घाबरते, शेवटचं जंतांचं औषध कधी, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. 'किती शुद्ध आहे, पेपर आहेत का' एवढंच विचारणाऱ्याला चहा पाजून नमस्कार करा. नंतर एकदा त्यांच्या घरी जाऊन या, ब्राउनीला घेऊन.

देताना लसीकरणाचं कार्ड, रेबीजचा बूस्टर वर्षाच्या वर्षाचा झालेला असावा, महापालिकेचा परवाना नव्या मालकाच्या नावाने करायला सांगायचं, मायक्रोचिप असेल तर तिथली माहिती बदलायची. एका कागदावर लिहून घ्या की नाही जमलं तर परस्पर कोणाला न देता परत तुमच्याकडे. तिची रोजची चादर न धुता द्या, वासाला फार महत्त्व असतं. चालू खाणं आठवडाभराचं सोबत द्या, नाहीतर एकदम बदललं की पोट बिघडतं आणि नवीन लोक घाबरतात. दिवाळीच्या तोंडावर देऊ नका, अनोळखी घर आणि वर फटाके, दार उघडं दिसलं की कुत्रं पळतं आणि रस्ता माहीत नसतो. पट्ट्यावर नव्या मालकाचा नंबर पहिल्या दिवसापासून. अडॉप्शनवाले ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा ढोबळ हिशोब सांगतात, तीन दिवस बावरलेली, तीन आठवड्यात रुटीन कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. दोन दिवस जेवली नाही म्हणून त्यांनी घाईने परत आणू नये यासाठी हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी त्यांचा कुत्रा गाडीत घालून लांब हायवेला सोडला, 'जगेल कुठेतरी' म्हणे. याला काही कायदा आहे का? – नाशिक

उत्तर : आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा, कलम ११, त्यात कारण नसताना उपाशीतहानेने हाल होतील अशा अवस्थेत सोडून देणं गुन्हाच आहे. पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, हसावं की रडावं. तरी पोलिसांत लेखी तक्रार द्या, आणि त्याआधी कुत्रा शोधा. सोडलेले कुत्रे बरेचदा सोडलं त्याच्या आसपास थांबतात, गाडी परत येईल म्हणून. तिथल्या ढाबेवाल्यांना, टपरीवाल्यांना फोटो दाखवा.

प्रश्न : कुत्रा नवीन घरी दिल्यावर आम्ही त्याला भेटायला जावं का? मुलगी रोज रडते. – ठाणे

उत्तर : सुरुवातीचे तीन-चार आठवडे नको, व्हिडिओ मागवा. लवकर गेलात तर तुमच्यामागे दारापर्यंत येतो आणि नव्या लोकांची सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. नंतर जा, मुलीला घेऊन, आणि निघताना मोठा निरोप-बिरोप न घेता सरळ निघा. तो तुमच्याकडे शेपटी हलवून परत त्यांच्या गादीवर जाऊन बसला तर मुलीला आधी सांगून ठेवा की असं होईल आणि ते चांगलंच आहे.