‘इम्प्लिकेचर’ला ‘गर्भितार्थ’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाच्या कामावर मराठीत लेख लिहायचाय, तर त्याच्या ‘इम्प्लिकेचर’साठी (म्हणजे बोलणारा शब्दांत न सांगता जे सुचवतो, त्यासाठी) ‘गर्भितार्थ’ चालेल का, की सरळ संस्कृत काव्यशास्त्रातला ‘ध्वनी’ म्हणून मोकळं व्हावं?

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत, ‘सूचितार्थ’ घ्या. पण आधी ग्राइसला हा शब्द घडवावा का लागला, ते बघू.

ग्राइस (1913–1988) जन्मला बर्मिंगहॅमला, रमला ऑक्सफर्डात. क्रिकेटचा नाद दांडगा, छापण्याचा अजिबात नाही. ‘अर्थ म्हणजे काय’ यावरचा त्याचा गाजलेला लेख 1948 साली वाचलेला, तो छापून आला 1957 मध्ये. 1967 साली त्यानं हार्वर्डला व्याख्यानं दिली आणि त्याच वर्षी ऑक्सफर्ड सोडून बर्कली गाठलं. त्या मालिकेतलं आपल्या शब्दाचं व्याख्यान छापायला 1975 उजाडलं, आणि पुस्तक निघालं ते तो गेल्यावर, 1989 मध्ये.

वाद घरातलाच होता. त्याचाच विद्यार्थी पीटर स्ट्रॉसन म्हणत होता, की तर्कशास्त्रातला ‘आणि’ वेगळा, बोलण्यातला वेगळा. तर्कशास्त्राला क्रमाशी देणंघेणं नसतं. पण ‘त्यांना मूल झालं आणि त्यांनी लग्न केलं’ म्हटलं, की शेजारच्या काकू कान टवकारतात. ग्राइसचं म्हणणं, ‘आणि’चा अर्थ दोन्हीकडे तोच. माणसं घडलं त्या क्रमानं सांगतात अशी आपली अपेक्षा असते, त्या अपेक्षेतून क्रम ऐकणारा काढतो. तो शब्दात नसतोच. ‘इम्प्लिकेशन’ हा शब्द तर्कशास्त्रानं आधीच अडवलेला, म्हणून त्यानं नवा पाडला.

‘गर्भितार्थ’ इथेच अडखळतो. गर्भित म्हणजे पोटात असलेलं. ग्राइसचा सगळा आटापिटा तर हे शब्दाच्या पोटात नाही, बोलण्याच्या व्यवहारात आहे, हे दाखवण्याचा.

त्याचं उदाहरण शिफारसपत्राचं आहे : तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी प्राध्यापक लिहितात, मुलाचं इंग्रजी उत्तम आहे, हजेरी नियमित आहे. बस. आपल्याकडे वडील विचारतात, ‘गणितात कसा आहे?’ आणि बाई म्हणतात, ‘अक्षर सुरेख आहे हो त्याचं.’ वडिलांना काय ते कळतं. पण बाईंनी पुढे ‘आणि गणितही छान आहे’ असं जोडलं, तर त्या स्वतःलाच खोडतात असं कुणी म्हणणार नाही. सुचवलेलं मागे घेता येतं. ‘तो विधुर आहे, पण त्याचं लग्न कधी झालंच नाही’ असं मात्र म्हणता येत नाही, कारण ते खरोखर शब्दाच्या पोटातलं आहे.

मागे घेण्याच्या कामासाठी मराठीत एक झकास शब्द आहे : किंबहुना. ‘काही मुलं पास झाली’ म्हटलं, की सगळी झाली नाहीत असं आपण समजतो. ‘काही, किंबहुना सगळीच’ म्हटलं की ते समजणं पुसलं जातं, वाक्य शाबूत राहतं. गंमत म्हणजे हा मूळचा संस्कृत ‘किं बहुना’, जास्त सांगून काय! पसायदानातला ‘किंबहुना सर्वसुखीं’ त्याच अर्थाचा. गरजेपेक्षा जास्त सांगू नये हा ग्राइसच्या संभाषण-नियमांपैकी एक, आणि तोच आपल्या शब्दाच्या व्युत्पत्तीत बसलेला. (हा निव्वळ योगायोग आहे. यावरून ‘आमच्याकडे आधीच होतं’ असं कृपया लिहू नका.)

‘सूचितार्थ’चा आणखी एक फायदा क्रियापदाचा. ग्राइस क्रियेला एक शब्द वापरतो, सुचवण्याच्या कृतीला दुसरा, जे सुचवलं त्याला तिसरा. सुचवणे, सूचन, सूचितार्थ अशी तिन्ही रूपं मराठीत आयती मिळतात. ‘गर्भित करणे’ कोण म्हणतं? काटेकोर राहायचं तर ‘इम्प्लिकेचर’ म्हणजे सूचन. पण व्यवहारात तो शब्द निघालेल्या अर्थालाही लावतात, तेव्हा ‘सूचितार्थ’ खपून जातं.

‘ध्वनी’चा मोह मात्र मला कळतो. काव्यातल्या सुचवलेल्या अर्थाला ‘ध्वनी’ म्हणणाऱ्या आनंदवर्धनानं उदाहरणाला घेतलेली गाथा हालाच्या ‘गाथासप्तशती’ या संग्रहातली, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातली, गोदाकाठची : बाबा, आता निर्धास्त फिर, त्या कुत्र्याला गोदेकाठच्या जाळीतल्या सिंहानं आज मारलं. शब्दांत मोकळीक, सुचवलेली मनाई : सिंह आहे, तिकडे फिरकू नकोस! ग्राइसला ही नक्की आवडली असती. पण ग्राइसची अट अशी, की सूचितार्थ कारणं देऊन, पायरीपायरीनं काढून दाखवता आला पाहिजे. आनंदवर्धनाचा सर्वोच्च ध्वनी म्हणजे रसध्वनी, रस सुचवणारा, आणि तो अनुमानानं हाती लागत नाही असं ध्वनिवादी मानतात. हे सगळं अनुमानच आहे असं म्हणणारा महिमभट्ट ग्राइसच्या जास्त जवळचा. म्हणून ‘ध्वनी’ काव्यशास्त्राकडेच राहू द्या.

‘व्यंग्यार्थ’ही कुणी सुचवेल. शब्द शास्त्रशुद्ध आहे, पण आजचा वाचक तो व्यंगचित्राच्या खात्यात टाकतो, आणि मग ग्राइस टोमणे मारण्याचं शास्त्र शिकवत होता असा समज होतो.