विष दहा टक्के, दोष किती?

प्रश्न : अनेकांच्या कृत्यांतून एक अनर्थ घडला, तर ‘याचा वाटा साठ टक्के, त्याचा दहा’ असे म्हणण्याला तात्त्विक आधार आहे का? आणि ज्याचा वाटा लहान, त्याचा दोषही लहान मानावा का?

उत्तर : एक कल्पित प्रसंग घेऊ. एका तळ्यात दहा किलो विष मिसळले की सगळे मासे मरतात; त्याहून कमी मिसळले तर एकही मरत नाही. पहिल्याने सहा, दुसऱ्याने तीन आणि तिसऱ्याने एक किलो विष ओतले व मासे मेले. ‘हा नसता तर हे घडले असते का?’ ही कसोटी लावली, तर तिघांबाबत उत्तर एकच येते. साठ, तीस आणि दहा ही टक्केवारी विषाची आहे, कारण असण्याची नव्हे. प्रत्येक किलोमागे शंभर मासे मरत असते, तर सहाशे मासे पहिल्याच्या नावे मांडता आले असते. पण ती परिणामाची वाटणी झाली.

भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शन या तर्कप्रधान परंपरेने कारणांची छाननी बारकाईने केली आहे. घटासाठी माती वाहून आणणारे गाढव आणि कुंभाराचा पिता यांना ते ‘अन्यथासिद्ध’ (म्हणजे कार्याशी संबंध असूनही त्याचे कारण न मानण्याजोगे) म्हणून कारणांतून वगळते आणि उरलेल्या कारणांत असाधारण, म्हणजे त्या कार्याच्या खास कारणाला ‘करण’ म्हणते. हे भेद प्रकाराचे आहेत, मापाचे नाहीत.

माप देण्याचा एक प्रयत्न 2004 साली हाना चॉकलर आणि जोसेफ हॅल्पर्न या संगणकशास्त्रज्ञांनी केला. उमेदवार 6 विरुद्ध 5 मतांनी निवडून आला, तर त्याला मत देणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी पूर्ण, म्हणजे 1. तो 11 विरुद्ध 0 असा निवडून आला, तर एक मत निर्णायक ठरण्याआधी इतर पाच मते फिरवावी लागतात, म्हणून ती 1/(5+1), म्हणजे 1/6. एखादे कृत्य निर्णायक ठरण्याच्या किती जवळ होते, हे या सूत्रातून चांगले कळते. परंतु अकरा जणांनी एकमताने एखाद्या निरपराध माणसाला शिक्षा ठोठावली, तर केवळ एकमत झाले म्हणून प्रत्येकाचा नैतिक दोष एक षष्ठांश होतो, हे मला पटत नाही.

दोष ठरवताना आपण मुख्यतः कर्त्याला काय ठाऊक होते, त्याचे कर्तव्य काय होते आणि ते कृत्य टाळणे त्याला किती सोपे होते, हे पाहतो. तळ्यात नऊ किलो विष आधीच आहे हे तिसऱ्याला माहीत असेल आणि पहिल्या दोघांना एकमेकांची कल्पनाही नसेल, तर सर्वांत कमी विष ओतणारा तिसराच सर्वांत दोषी ठरेल. मग आपण त्यालाच ‘खरे कारण’ म्हणू लागतो. म्हणजे आधी दोष ठरतो आणि नंतर कारणाला वजन येते.

नुकसानभरपाईचे मात्र वेगळे आहे. तिची रक्कम ठरलेली असल्यामुळे वाटणी करावीच लागते. 1980 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गरोदरपणी मातेने घेतलेल्या औषधामुळे मुलीला झालेल्या अपायाचा दावा आला. नेमकी गोळी कोणत्या उत्पादकाची, हे सिद्ध होणे शक्य नव्हते, तेव्हा बाजारातील हिश्शाच्या प्रमाणात दायित्व वाटण्याचे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. दोषाची अशी ठरलेली बेरीज नसते. खुनाची सुपारी देणारा आणि ती घेणारा हे दोघेही पूर्ण दोषी असू शकतात. तिसरा साथीदार सापडला, म्हणून पहिल्या दोघांच्या दोषातून काही वजा होत नाही.