वीस मिनिटांच्या निबंधासाठी लेकीला पाठवावं का?

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. मुलगी नागपुरात तत्त्वज्ञानात पीएच.डी. करते. तिला परिषदेत वीस मिनिटं निबंध वाचायचा आहे. गाडीभाडं, नोंदणी फी, त्यात 'पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापून देतो' असा मेसेजही आलाय. वडील विचारतात, नोकरी लांबच, मग हा खर्च कशासाठी?

भाऊ, तिच्या विषयाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "बाईच्या शब्दाला किंमत का नाही, असं काहीतरी." मी त्या ओळीपाशीच थांबले. सांगणारा कोण हे पाहून ऐकणारा पूर्वग्रहानं त्याच्या शब्दाचं वजन कमी करतो, हा ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय आहे, असं ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली मांडलं. तेव्हापासून जगभर त्यावर काम चालू आहे. आता तुमच्या शिवारात बघा. कपाशीवर बोंडअळी पडली की पंचनामा होतो. वेचणी बायांची, कोणत्या ओळीतली बोंडं आधी किडली हे त्यांना ठाऊक. विचारतात मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला. पऱ्हाटीत वाढलेली तुमची लेक हे जितकं आतून मांडेल, तितकं दिल्लीत बसून कुणाला जमायचं नाही.

पण मांडलेलं टिकतं का, हे घरात बसून कळत नाही. तत्त्वज्ञानाला प्रयोगशाळा नसते, तिथं आक्षेपच कामाला येतो. कुणी उठून म्हणेल, "नाव कागदावर ज्याचं, त्याला विचारणं हा नियम झाला, यात पूर्वग्रह कुठं आला?" ती अडखळेल कदाचित. पण त्या एका प्रश्नानं तिचं अख्खं प्रकरण सुधारेल, आणि तो प्रश्न प्रबंध जमा करण्याआधी यावा, नंतर नव्हे.

नवख्याचं कोण ऐकतं, असं वाटत असेल तर एडमंड गेटियर बघा. फारसं काही न छापलेला अमेरिकन अध्यापक. १९६३ साली त्याचा जेमतेम तीन पानांचा निबंध आला आणि 'खरी व सकारण समजूत म्हणजे ज्ञान' ही व्याख्या डळमळली. आजही त्यावर वाद चालतात.

त्या मेसेजला मात्र एक रुपया देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. चांगलं नियतकालिक बहुधा लेखकाचं नाव, गाव, कॉलेज झाकून निबंध तपासायला देतं. त्याला महिने लागतात, पण खेड्यातल्या पोरीला याहून सरळ वागणूक कुठं मिळणार? मराठीतून सुरुवात करायची तर महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेची अधिवेशनं आहेत, 'परामर्श' हे तत्त्वज्ञानाचं नियतकालिक आहे. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा, झाली नसेल तर तिची तयारी सोडू नये, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्याही शिष्यवृत्त्या असतात.

नोकरीचं खरं सांगते. या विषयाच्या जागा थोड्या आहेत, निबंध वाचला म्हणून ऑर्डर हातात पडत नाही. पण मुलाखतीत स्वतःचं संशोधन दहा मिनिटांत सांगावं लागतं. तिथं पहिल्यांदाच बोलणारी आणि चार सभांत प्रश्न झेललेली, यांतला फरक मी कितीदा पाहिलाय.

तेव्हा पाठवा तिला. निघायच्या आधी एका संध्याकाळी निबंध घरी वाचायला लावा, आणि तिच्या आईलाही जवळ बसवा. वेचणीचं काही चुकलं असेल तर ते आईच सांगेल.