मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन केलं, म्हणजे वीज सोडून त्याचे घटक वेगळे केले, तर सोडियम धातू का मिळत नाही?

कारण पाणी मध्ये येतं. सोडियमचे आयन (विद्युतप्रभार असलेले कण) ऋणाग्राकडे, म्हणजे विजेच्या ऋण टोकाकडे, सरकतात खरे, पण तिथे इलेक्ट्रॉन घ्यायला पाणी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त तयार असतं. म्हणून ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो आणि द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा उरतो. धनाग्रावर, म्हणजे धन टोकावर, मिठातले क्लोराइड आयन इलेक्ट्रॉन सोडतात आणि क्लोरीन वायू बनतो. (तो विषारी आहे, बंद खोलीत हा प्रयोग करू नका.) कारखान्यांत क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा असेच जोडीने तयार होतात.

सोडियमच हवा असेल तर पाणी टाळून वितळलेलं मीठ घ्यावं लागतं. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. कॅल्शियम क्लोराइड मिसळून ते तापमान ६०० अंशांच्या आसपास आणतात. ॲल्युमिनियमची अडचणही पाण्याचीच. तो १८८६ मध्ये शोधलेल्या पद्धतीने, वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) विरघळवून, विद्युत अपघटनाने काढतात.

किती विजेत किती धातू मिळेल ते फॅरडे या शास्त्रज्ञाच्या नियमाने काढता येतं. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,४८५ कूलोम विद्युतप्रभार. एक मोल सोडियमला तेवढा पुरतो, ॲल्युमिनियमला तिप्पट लागतो, कारण त्याच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन घ्यावे लागतात.