नुकसानीचं उट्टं पोरीने का काढायचं?

दादा, तुमचं पत्र चार पानी. यवतमाळची कपाशी, गुलाबी बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, वाणांच्या चाचण्या अडवणाऱ्यांवरचा राग, सगळं त्यात आहे. मुलीबद्दल बारावीचे ६८ टक्के आणि एकच ओळ: 'बोंडं फोडून अळ्या मोजते, वहीत मांडते.' आणि बेत असा, की दोन एकर विकून तिला खासगी कॉलेजात बीटेक बायोटेक्नॉलॉजीला घालायचं, म्हणजे ती अळीवर नवं बियाणं काढेल. दादा, टक्क्यांची मला काळजी नाही. तुमचं नुकसान तिने भरून काढायचं, याची आहे.

नवा जीन आला की अळी संपेल, असं तुम्ही धरून चालता. २००२मध्ये बीटी कपाशीला (अळी मारणारं विष झाडातच तयार करणारा जीन घातलेली) परवानगी मिळाली तेव्हा अट होती: भोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबतची १२० ग्रॅमची पुडी त्यासाठीच होती. किती जणांनी ती पेरली? बिगर-बीटीवर वाढलेले पतंगच नसले की बीटी पचवलेल्या पतंगांची आपसात जोडी जमते, आणि त्यांच्या अळ्याही बीटी पचवणाऱ्याच निघतात. त्यात आपली बीटी कपाशी संकरित. जीन एकाच पालकाकडून आला असेल तर बोंडातल्या साधारण दर चौथ्या सरकीत तो नसतो, आणि ही अळी नेमकी सरकीच खाते. वर फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही पीक शेतात राखलं, की तिची उन्हाळ्यापर्यंत सोय. नवा जीनही याच वाटेने जाईल.

शिवाय बीटी वांगं २०१०पासून सरकारी स्थगितीत अडकलेलं आहे. जीएम मोहरीला २०२२मध्ये मंजुरी मिळाली, पण २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं तिच्यावर एकमत झालं नाही. यावर पोरीचं आयुष्य बेतू नका.

तिने सीईटी देऊन बीएस्सी कृषी करावं, पुढे एमएस्सी कीटकशास्त्र. यंदाची सीईटी हुकली असेल तर वर्षभर थांबा, दोन एकरांपेक्षा ते स्वस्त पडेल. चाचण्या होवोत न होवोत, अळी मोजणारा माणूस लागतोच. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग, किंवा २० हिरव्या बोंडांत दोन किडकी: फवारायचं की नाही ते यावर ठरतं. अळी आत शिरली की भोक बुजतं, बोंड वरून धड दिसतं. फोडल्याशिवाय कळत नाही, हे तिला आपसूक उमगलंय.

वहीत तारीख आणि किती बोंडांपैकी किती किडकी, हे लिहिते का, तेवढं तिला विचारा. आणि जमिनीचा विसार घेतला असेल तर तो परत करा.